गुळाचं पाणी

शिमिट आलं आणि कोबा पिटणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय आला. लोणावळ्याच्या स्टेशनात मालगाडीच्या वाघिणीतून करड्या पोत्यांची थप्पी उतरायला लागली तशी चुन्याची घाणी बंद पडली आणि घाणीचा बैल सुटला. बैलाचं एक बरं असतं, त्याला गाडीला जुंपता येतं. बायकांना कशाला जुंपणार? चुन्याचा कोबा तळहातावरच्या फोडासारखा जपावा लागे. रांगेत बसायचं, लाकडी थाप्यांनी एका तालात पिटायचं, वरून गूळ-हिरड्याचं पाणी शिंपडायचं, पुन्हा पिटायचं. आठ-आठ दिवस चाले ते. शिमिटाला यातलं काही नको. कालवलं, पसरलं, रात्रीत दगड. म्हणे विलायती आहे! विलायती म्हटलं की आपल्याकडं शेणसुद्धा चांगलं असतं.

कुरवंड्याची कस्तुराबाई या कोबेवाल्या बायकांची म्होरकी. अंगानं काटक, आवाज खणखणीत, आणि हट्टाबद्दल तर विचारूच नका. तिचा नवरा कोंडाजी घरची भातखाचरं बघायचा आणि बायकोच्या वाटेला जायचा नाही. संसार सुखाचा होण्याचं मोठं कारण तेच होतं. गावातल्या बायका आणि वरच्या ठाकरवाडीतली सावित्राबाई अशी तिची टोळी. टोळीत सगळ्यांत म्हातारी अंबूबाई. पाठीत वाकलेली, दात गेलेले, पण पिटायला बसली की तिचीच थापी सगळ्यांना ताल द्यायची. पोरंबाळं कुणी उरलं नव्हतं. कामावर आली तर बोलायला माणूस, नाही तर घरात ती आणि मांजर.

त्या वर्षी माघात टोळीला कुठंच काम मिळेना. तुंगार्लीच्या अंगाला सोराबशेठ नावाचे पारशी गृहस्थ बंगला बांधत होते, आणि बंगल्यापुढं पोहण्याचा हौद. विहीर नव्हे, तळं नव्हे, नुसतं पोहण्यासाठी बांधलेला हौद! कुरवंड्यात याची महिनाभर थट्टा चालली. पण कस्तुराबाईनं थट्टा ऐकली आणि दुसऱ्या दिवशी टोळी घेऊन तिथं हजर झाली.

तिथं हौशीराम मिस्त्रीचं राज्य होतं. हा वडगावचा. शिमिटाचं काम मुंबईत शिकून आलेला, त्यामुळं डोक्यावर काळी टोपी आणि जिभेवर काटे. हौदाला आतून गिलावा त्यानं झकास केला होता. लोखंडी थापीनं घोटून घोटून असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी.

"कोबा न्हाई हितं," त्यानं बायकांना लांबूनच सांगितलं. "पिटायचं दिवस गेलं. घरला जावा."

कस्तुराबाई हलली नाही. ती हौदाच्या कडेकडं बघत होती. हौदाच्या चारी बाजूंना माणसं चालतील असा रुंद पट्टा करायचा होता, आणि तिथं मिस्त्रीच्या गड्यांनी काहीतरी करून ठेवलं होतं ते काही खरं दिसत नव्हतं. कुठं दगड उपटून पडलेले, कुठं सगळं करड्या पापुद्र्याखाली गडप.

झालं होतं असं, की शेठची म्हातारी आई मागल्या साली कुणाच्यातरी हौदाच्या ओल्या कडेवर घसरून पडली होती. शेठनं म्हणून बजावलं होतं, कड गुळगुळीत नको. बारीक गोट्यांची खडी वर उघडी दिसली पाहिजे; पायाला धर मिळाला पाहिजे, पण टोचता कामा नये. सांगायला काय जातं! शिमिटात खडी घालून पट्टा अंथरायचा आणि वरचं शिमिट अर्धवट आवळलं, घट्ट व्हायला लागलं, की धुऊन काढायचं, एवढंच ते. पण ते अर्धवट आवळणं हौशीरामच्या हाती सापडत नव्हतं. लवकर धुतलं की किडक्या दाढेसारखी खडी निघून येई. उशीर झाला की वरचं शिमिट कुणाच्या बापाला निघत नसे. दोनदा पट्टा उकरून झाला होता.

"एक बाजू आमाला द्या," कस्तुराबाई म्हणाली.

"शिमिटाला कदी हात लावलाय का?"

"तुमी लावला की. काय झालं ते दिसतंय."

मिस्त्रीचे गडी खाली मान घालून हसले. हौशीरामला राग आला, पण शेठच्या येण्याची वेळ जवळ आली होती आणि अडला हरी कुणाकुणाचे पाय धरतो हे त्यालाही ठाऊक होतं. "बरं," तो म्हणाला. "एक बाजू. साधली तर बाकीच्या तीन तुमच्या. बिघडली तर पुन्ना ह्या फाटकात पाय ठेवायचा न्हाई. आन् एक ऐका. शिमिट, वाळू, खडी, पाणी. चुन्यातली तुमची औषधं हितं चालणार न्हाईत. आन् त्या म्हातारीला कशाला आणलंय? तिला सोडून या उद्यापासनं."

"ती आली तर आमी आलो," कस्तुराबाई म्हणाली, आणि पदर खोचून कामाला लागली. हा तिचा वाद मिटवण्याचा प्रकार. दुसऱ्याला बोलायला जागाच ठेवायची नाही.

खडी सावित्राबाईनं आणली. तिला ओढ्यांची नस न् नस ठाऊक. शेंगदाण्याएवढे, पाण्यानं गोल झालेले, काळे-तांबडे-पांढरे गोटे तिनं पाट्या भरभरून वाहिले, बायकांनी ते चाळून धुतले. दुसऱ्या दिवशी दिवसभर पट्टा अंथरला. शिमिट-खडीचं कालवण टाकायचं, फळीनं सारखं करायचं आणि लाकडी थाप्यांनी हलक्या हातानं ठोकत जायचं, म्हणजे खडी बसते आणि शिमिटाचं दूध वर येतं. पिटायचे दिवस गेले म्हणणाऱ्या हौशीरामनं ते लांबून पाहिलं. कस्तुराबाईला बरं वाटलं.

दिवस कलला तशी ती भांडी धुवायला नळाकडं गेली. आणि इकडं अंबूबाईनं जे करायचं ते केलं.

या बायकांची एक रीत होती. कोबा पिटून संपला की टोळीतल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं त्यावर शेवटचं गुळाचं पाणी शिंपडायचं. याला जमिनीचं तोंड गोड करणं म्हणत. उद्यापासून ही जमीन माणसांचे पाय सोसणार, तेव्हा तिला उपाशी ठेवू नये. अंबूबाई तरुणपणी वळवणच्या धरणावर चुना वाहायला होती, आणि तेव्हापासून तिनं एकही जमीन तशीच सोडली नव्हती. घरून गाडग्यात तिनं गूळ कालवून आणला होता. मिस्त्री काय म्हणाला ते तिनं ऐकलं होतं. पण तो औषधाबद्दल बोलला, आणि हे काही औषध नव्हे, हा तर मान. तिनं गाडग्यात हात बुडवून बुडवून सगळ्या पट्ट्यावर पाणी शिंपडलं, आणि तळाला राहिलेलं कोपऱ्यात ओतलं.

परतीच्या वाटेवर तिनं समाधानानं सांगितलं, "तोंड गोड करून आले गं मी."

कस्तुराबाई जागच्या जागी थांबली. "मावशी! त्यानं नको म्हणून सांगितलंवतं की!"

"गुळानं कोबा घट होतो पोरी. वाईट का होईल?"

चुना गुळानं घट्ट होतो, तर शिमिट का होऊ नये? असं मनाशी म्हणत ती घरी गेली, पण तिला घास गोड लागला नाही.

सकाळी बायका फाटकात शिरल्या तेव्हा हौशीराम कडेवर उकिडवा बसला होता. त्यानं एक बोट पट्ट्यावर टेकवलं आणि ते पेराएवढं आत गेलं. वर नुसता करडा चिखल. आणि त्या चिखलाच्या कडेनं मुंग्यांची लांबलचक रांग लागली होती. आता मुंग्यांना कोण गप्प बसवणार?

"गूळ!" हौशीराम ओरडला. "शिमिटात गूळ! अगं, गुळानं शिमिट मरतंय! कुणी घातला? नाव सांगा. ते माणूस जन्मात माझ्या कामावर दिसता कामा नये."

अंबूबाईनं तोंड उघडलं. कस्तुराबाईनं तिच्या पायावर आपला पाय दाबला.

"मी घातला," ती म्हणाली.

काम गेलं हे तिला दिसत होतं. पण कस्तुराबाई पडली तर पुन्हा उभी राहील, आणि अंबूबाईला आज घरी पाठवली तर ती घरात बसून मरेल, हे तिला तितकंच स्वच्छ दिसत होतं. त्यापुढं विचार करायला तिच्याकडं वेळ नव्हता.

"पहार आणा रे," हौशीरामनं गड्यांना सांगितलं. "उकरा समदं."

गडी पहारी घेऊन आले, तर कस्तुराबाई त्या चिखलात मधोमध उभी.

"बाजूला हो."

"उकरायचंच हाय न्हवं? मग आदी मला धुऊन बघू द्या. चिखल निघंल तेवडा काढते, खाली काय हाय ते बघते. मग उकरा. तुमचं काय जातंय?"

"येळ जातोय!"

"काल अख्खा दिस आमचा गेला. आज घटकाभर तुमचा जाऊ द्या."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. ती हटणार नाही हे गड्यांना कळलं, त्यांनी पहारी टेकवल्या आणि विड्या काढल्या.

कस्तुराबाईनं शिंदीचा झाडू घेतला, घागर ओतली आणि घासलं. करडं पाणी वाहिलं. पुन्हा ओतली, पुन्हा घासलं. आणि त्या राखट पाण्याखालून एक तांबडा गोटा वर आला. त्याच्याशेजारी काळा. मग पांढरा. तिनं नखानं तांबडा उचकटून पाहिला. हलेना. दगडानं ठोकून पाहिला. हलेना! गूळ वरून शिंपडलेला; तो वरच्या पापुद्र्यातच मुरला होता आणि तेवढंच शिमिट त्यानं मारलं होतं. खालचं रात्रीत रीतसर दगड झालं होतं, आणि प्रत्येक गोटा अर्धा आत, अर्धा बाहेर, पक्का धरून बसला होता.

"मावशी, सावित्रा, या गं समद्या!" ती ओरडली. "झाडू घ्या! ऊन पडायच्या आत!"

एकेकटीनं घासून भागणारं ते काम नव्हतं. ऊन लागलं की वरचं वाळणार, आणि मग काही खरं नाही. पण या बायकांना एका रांगेत बसून एका तालात हात चालवायला कुणी शिकवायला नको होतं. अंबूबाईनं रांगेच्या टोकाला बसून झाडू मारला, फस्स. की सगळ्यांचे झाडू, फस्स. सावित्राबाई मागून पाणी सोडत गेली. रांग मागं मागं सरकली आणि पुढं रंगीत खडी उमलत गेली. कुणीतरी गाणंही धरलं, "शिमिट जाऊ दे गं, खडी हसू दे." हौशीराम उठून उभा राहिला तो तसाच उभा.

कोपऱ्यात मात्र फजिती झाली. अंबूबाईनं गाडगं ओतलं होतं तिथं शिमिट खोलवर मेलेलं निघालं आणि खडी मुठीमुठीनं हातात आली. हौशीरामनं पहार घेऊन पट्टाभर ठोकून पाहिलं. कोपरा सोडला तर सगळीकडं खणखणीत आवाज.

"बोलाफुलाला गाठ पडली," तो म्हणाला. "पुन्ना करून दाव."

"दावते," कस्तुराबाई म्हणाली.

म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या बाजूला तिनं भीतीनं गुळाचं पाणी पातळ केलं आणि जेमतेम शिंपडलं. सकाळी पट्टा उघडलाच नाही. बायकांनी घासून घासून बोटांची सालं काढली, तरी शिमिट निघालं ते ठिगळाठिगळानं, म्हशीच्या अंगावरचा चिखल वाळून पडावा तसं. हौशीरामनं नुसती टोपी काढून पुन्हा घातली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. त्या दिवशी कस्तुराबाईनं ती बाजू स्वतःच्या हातानं उकरली. गडी मदतीला आले त्यांना तिनं परत पाठवलं.

मग तिनं स्वयंपाकघरामागं फुटक्या कौलांची रांग मांडली. प्रत्येक कौलावर वीतभर कालवण. एकावर पातळ गूळपाणी, एकावर दाट, एकावर मध्यम. एक सावलीत, एक उन्हात. रोज सकाळी येऊन झाडू मारायचा आणि बघायचं. एकदा मुंग्या, एकदा चिखल, एकदा दगड. गडी हसायचे, "बाई कौलांना खरवस घालतीया." ती म्हणायची, "घालते. तुमी चाटू नका म्हंजे झालं." कोंडाजीनं घरातली गुळाची ढेप कमी होताना पाहिली आणि नेहमीप्रमाणं काही विचारलं नाही.

शेवटी जमलं. पाणी काकवीपेक्षा पातळ, सरबतापेक्षा दाट. हातानं शिंपडायचं नाही, जांभळीच्या डहाळीनं उडवायचं, म्हणजे कुठं डबकं होत नाही. आणि ऊन यायच्या आत सगळ्या टोळीनं एका दमात धुवायचं. हे डहाळीचं अंबूबाईनं सुचवलं. मुंग्यांच्या त्या सकाळपासून तिचं एकच, कामाला पुढं, बोलायला मागं. कस्तुराबाईनं पायावर पाय दिला होता तो विषय दोघींनी काढला नाही.

राहिलेल्या तिन्ही बाजू एकीपेक्षा एक सरस उतरल्या. कोपराही भरला. हौशीरामनं प्रत्येक बाजू पहारीनं ठोकून पाहिली, आणि शेवटच्या बाजूला तर ठोकलंच नाही.

फाल्गुनात एका रविवारी शेठ आले, आईला घेऊन. म्हातारबाईनं हौद पाहिलाच नाही. ती कडेपाशी आली, सपाता काढल्या आणि म्हणाली, "पाणी टाका." सावित्राबाईनं घागर उपडी केली. शेठ आईचा हात धरायला धावले तर तिनं तो झिडकारला आणि ओल्या खडीवर एकटी चालायला लागली. चारी बाजू फिरली. पहिली बाजू जपून, शेवटची बाजू मजेत.

"मिस्त्री, हा काम कोणी केला?" शेठनं विचारलं.

हौशीरामच्या जिभेवर काटे असतील, पण तिच्यावर खोटं बसत नव्हतं. "ही कस्तुराबाई," तो म्हणाला. "कुरवंड्याची."

"मग हिला सोडू नको. खंडाळ्यामधी माझा भाऊ हौद बांधते. असाच पाहिजे."

"तेच सांगणार होतो," हौशीराम कस्तुराबाईकडं वळला. "उद्यापासनं खंडाळ्याला. तू आन् तुझ्यातल्या तरण्या बाया. म्हातारीला आता सुट्टी दे. तितं चढ हाय, तिला झेपायचं न्हाई. तुला गवंड्याचा रोज देतो."

गवंड्याचा रोज! कुरवंड्यात कुठल्या बाईनं तो घेतला नव्हता. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. अंबूबाई मागं सरली आणि आपली थापी फडक्यात गुंडाळायला लागली. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मिस्त्री," कस्तुराबाई म्हणाली, "त्या दिशी तुमी नाव इचारलंवतं. गूळ कुणी घातला म्हून."

"मग? तू घातलास."

"मी न्हाई. हिनं घातला. अंबूबाईनं."

हौशीरामनं विचारलं, "मग खोटं का बोललीस?"

"त्या दिशी शिव्या व्हत्या, त्या मी घेतल्या. आज शाबासकी हाय, ती माजी न्हाई. गूळ घालणारीला जन्मात कामावर घेणार न्हाई म्हनालाव. ती ही हुबी हाय. आता तुमीच सांगा, तिला घालवायची का मला. दोगी कामावर, न्हाई तर दोगी घरी."

शेठना निम्मं कळलं, निम्मं नाही. म्हातारबाईला मात्र सगळं कळलं असावं, कारण ती अंबूबाईच्या वाकलेल्या पाठीकडं बघत होती आणि तिची स्वतःची पाठही तशीच होती.

"व्हय का गं म्हातारे?" हौशीरामनं विचारलं.

अंबूबाई पुढं आली. "चुकलं मिस्त्री," ती म्हणाली. "जमिनीला उपाशी ठेवू ने म्हून घातला. मला ठावं नव्हतं."

"गूळ असा कामाला येतो हे मला तरी कुटं ठावं व्हतं," हौशीराम म्हणाला. मग तो गड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "उद्या समद्यांनी या. आन् शिंपडायला म्हातारीच बसंल. दुसऱ्या कुणी डहाळीला हात लावायचा न्हाई."

अंबूबाई त्या ओल्या खडीवर मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. तिनं आयुष्यात इतक्या जमिनी पिटल्या, पण एकाही जमिनीवर तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. शेठची आई आपल्या हातानं तिला उठवायला गेली, तर कस्तुराबाईनं नको म्हणून मान हलवली. तिनं अंबूबाईला पोटभर रडू दिलं. तिचेही डोळे भरले होते आणि तिनं ते पुसले नाहीत.

मग तिनं अंबूबाईची थापी फडक्यातून सोडवली आणि तिच्या हातात दिली.

"ऊठ मावशी," ती म्हणाली. "सकाळी लौकर निघायचं हाय."